एक आगाऊ सत्कार

माझ्या मुलीला बुद्धिबळात आजवर एक करंडक मिळाला आहे आणि बावीस नारळ. करंडक जिल्हा स्पर्धेतला, दुसऱ्या क्रमांकाचा, वीतभर उंचीचा. नारळ सगळे सत्कारांतले. आमच्या घरामागे तीन माड आहेत, शेजारच्या लीलाकाकूंकडे सात, आणि सबंध रत्नागिरीत माणसांपेक्षा माड जास्त भरतील असा माझा अंदाज आहे. तरीही या गावात कुणाचं कौतुक करायचं झालं की त्याच्या हातात नारळच ठेवतात. वर शाल घालतात. जिथे बारा महिने घामाने सदरा पाठीला चिकटतो तिथे शाल. पण हे मी आत्ता म्हणतोय. तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी उन्मेष, सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक. टिपणी लिहिण्यात आमच्या कचेरीत माझा हात धरणारा कुणी नाही. 'सदर विनंती मान्य करता येत नाही' हे वाक्य मी आजवर काही हजार वेळा लिहिलं असेल, आणि दर वेळी वळणदार अक्षरात. पण तेच तोंडाने म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. समोरच्या माणसाला वाईट वाटेल असं वाटतं, मग मी हसतो, मग तो माणूस ते 'हो' समजतो आणि निघून जातो. माझं लग्न सोडलं तर आयुष्यातले सगळे निर्णय असेच झाले. सावनीचं, म्हणजे माझ्या पत्नीचं, म्हणणं आहे की लग्नही सोडायचं कारण नाही.

आमची उर्वी दहा वर्षांची. तिला बुद्धिबळ शिकवलं समोरच्या फारुकभाईंनी. हे मूळचे पूर्णगडचे. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. भात शिजेपर्यंत आणि वादळ शमेपर्यंत करायचं काय, म्हणून खलाशांशी खेळत खेळत पक्के झाले. उर्वी सहा वर्षांची असताना चेंडू आणायला त्यांच्या पडवीत गेली आणि दोन तासांनी परत आली, ती चेंडू विसरून. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते सात ती त्यांच्या पडवीत. आठव्या वर्षी तिने त्यांना पहिल्यांदा हरवलं, तर या गृहस्थांनी आनंदाने सगळ्या आळीला शेवया वाटल्या. मला विचाराल तर तो तिचा खरा सत्कार. पण त्यात माईक नव्हता, म्हणून तो मोजत नाहीत.

तर उर्वी जिल्हा स्पर्धेत, अकरा वर्षांखालील मुलींच्या गटात, दुसरी आली. गटात नऊ मुली होत्या, त्यांतल्या दोघींना सर्दी झालेली. पहिल्या दोघींची निवड राज्य स्पर्धेसाठी झाली. स्पर्धा कोल्हापुरात, दीड महिन्याने. फारुकभाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, की दीड महिना रोज दोन तास म्हणजे बक्कळ झालं, पोरीला फक्त खेळू द्या. एवढंच करायचं होतं. काहीही न करणं एवढंच आमचं काम होतं, आणि सरकारी नोकरीत असूनही ते मला जमलं नाही.

दुसऱ्याच दिवशी काशीरामकाका आले. काशीरामकाका आमच्या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवरच्या माईकवरून त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त झाले पण माईक सुटला नाही. माणूस सोन्यासारखा, कुणाच्या घरी आजारपण असो, पहिले हजर. पण चार माणसं एका जागी दिसली की यांच्या घशात काहीतरी खवखवायला लागतं. ते म्हणाले, की परवा मंडळाचा सत्यनारायण आहे, त्यात पाच मिनिटं उर्वीचा सत्कार करून टाकू. मी हसलो. पाच मिनिटांचा कार्यक्रम सव्वा तास चालला. काकांनी प्रास्ताविक केलं, परिचय करून दिला, आभारही मानले, आणि मध्येच सवयीने गुहागर गाडी फलाट तीनवर लागल्याचं सांगतील असं मला दोनदा वाटलं. उर्वीला शाल मिळाली. ती तिच्या टाचेपर्यंत आली. नारळ मिळाला. फोटो निघाला. झालं, संपलं, असं आम्ही समजलो.

फोटो मोबाइलवरून फिरला आणि मग सत्कारांना तोंड फुटलं. कॉलनीने सत्कार केला तर शाळेला करावाच लागला. शाळेने केला म्हणून माजी विद्यार्थ्यांनी केला. सावनीच्या भिशीतल्या बायका म्हणाल्या, आम्ही काय परक्या? वाचनालयाने केला, पतसंस्थेने केला. ज्येष्ठ नागरिक संघाने केला, तिथे एका आजोबांनी बुद्धिबळ आणि जीवन यावर चाळीस मिनिटं भाषण केलं, आणि उर्वी खुर्चीत शालीत गुरफटून गाढ झोपली. एका ठिकाणी तर तिच्याबरोबर ज्याच्या झाडाला सव्वा मणाचा फणस धरला होता त्या बागायतदाराचा सत्कार होता. फणसही व्यासपीठावर होता. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या, हे माझ्या मनाला लागलं. उर्वीला मात्र तो एकच कार्यक्रम आवडला.

मग आमच्या ज्ञातिमंडळाने केला. ते कळल्यावर सावनीच्या माहेरच्यांचा फोन आला दापोलीहून. नात त्यांची नाही का? लेकीची लेक म्हणजे काय वाऱ्यावर आली आहे? दापोलीला रेल्वे नाही, म्हणजे एसटीने सगळा घाट-खड्ड्यांचा प्रवास करत जा, आणि तसंच परत या. त्यात शनिवार-रविवार गेला. येताना चार नारळ, दोन शाली आणि एक समई. समई कशासाठी ते अजून कळलेलं नाही.

प्रत्येक वेळी मी ठरवून जात होतो की आता नाही म्हणायचं. समोरचा माणूस दारात चप्पल काढतानाच मी मनात वाक्य जुळवायचो. आणि तो आत येऊन म्हणायचा, काय मग, लेक मोठं नाव काढणार हां. की मी आपला हसलो. सावनी स्वयंपाकघरातून भांडी आपटायची. भांड्यांची भाषा मला कळते, पण पाहुण्यापुढे तिला उत्तर कसं द्यायचं?

फारुकभाईंनाही एकदा व्यासपीठावर बोलवायचं ठरलं होतं. ते म्हणाले, मला शाल कशाला, रत्नागिरीत थंडी कुठे आहे? आणि पडवीत पट मांडून बसून राहिले. पाच वाजायचे, सहा वाजायचे, उर्वी कुठल्यातरी हॉलमध्ये समईजवळ उभी. दीड महिन्यात ती त्यांच्या पडवीत सगळी मिळून अकरा संध्याकाळी गेली. हे मला त्यांनी नंतर सांगितलं, रागाने नाही, नुसतंच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे सांगायला बसलो नसतो. पण राज्य स्पर्धेला दहा दिवस राहिले असताना काशीरामकाका पुन्हा आले, आणि या वेळी त्यांचा चेहरा लग्न ठरवून आल्यासारखा फुलला होता. मोठे साहेब यायला तयार झाले होते. कोण साहेब ते मी सांगत नाही, मला नोकरी करायची आहे. साहेबांच्या हस्ते उर्वीचा भव्य नागरी सत्कार. तारीख मिळाली होती ती स्पर्धेच्या पाच दिवस आधीची.

मी म्हटलं, काका, नागरी सत्कार म्हणजे राज्यात काहीतरी मिळवल्यावर करतात ना? काकांनी मला समजावलं. स्पर्धेनंतर साहेब अधिवेशनाला जाणार. तिथून आले की लग्नसराई. ती संपते न संपते तोच आचारसंहिता लागणार, आणि आचारसंहितेत सत्कार बंद. म्हणजे पोरगी जिंकून आली तरी वर्षभर सत्काराला योग्य माणूस नाही. मग आता उरकून घ्यावा. जिंकणारच आहे ना ती? मग चार दिवस इकडे काय न् तिकडे काय. ऐकताना ते सगळं मला अगदी रीतसर वाटलं, हे मला लपवता येणार नाही. आमच्या खात्यातही मार्च अखेर आली की काम व्हायच्या आधी काम पूर्ण झाल्याचा दाखला देतात.

तरी मी एक विरोध केला. लेखी. फ्लेक्सवर 'राज्य स्पर्धेत उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल' असं येणार होतं. मी मसुदा करून दिला, 'संपादन करण्याची शक्यता असल्याबद्दल'. काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, बघतो.

फ्लेक्सच्या परवानगीला मलाच पाठवलं, कारण मी सरकारी माणूस. कुठल्या कचेरीत ते सोडा. कारकुनाने कारकुनाची नालस्ती करू नये. खिडकीतल्या माणसाने मला ओळख दाखवली नाही. अर्जात कारणासाठी चार रकाने होते: वाढदिवस, धार्मिक, निवडणूक आणि शोक. बुद्धिबळ नव्हतं. मी म्हटलं, 'इतर' असा रकाना करा. तो म्हणाला, तो वरून मंजूर होऊन यावा लागतो. मी दोन हेलपाटे घातले, टिपणी लिहून नेली, तिचं त्याने कौतुक केलं आणि ती बाजूला ठेवली. शेवटी तोच म्हणाला, शोकात टाकू की वाढदिवसात, ते सांगा. मी वाढदिवस म्हटलं. फ्लेक्स छापणाऱ्याने परवानगीचा कागद वाचून इमानदारीने एका कोपऱ्यात केक आणि फुगे टाकले. पुढचे तीन दिवस लोक उर्वीला रस्त्यात थांबवून शुभेच्छा देत होते. माझी 'शक्यता' अर्थातच फ्लेक्सवर आली नाही. राज्य विजेती, असं फूटभर अक्षरात होतं, आणि खाली काशीरामकाका हात जोडून.

कार्यक्रम झाला. साहेब दोन तास उशिरा आले, पण आले. त्यांनी उर्वीला शाल घातली, नारळ दिला, आणि माईकवर सांगितलं की आपल्या मातीतल्या या लेकीने सबंध राज्याला मात दिली. हॉल टाळ्यांनी दणाणला. उर्वी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझी बाही ओढली. मी खाली वाकलो, तर ती कानात म्हणाली, "बाबा, मी अजून गेलेच नाहीये."

मी काय केलं असेल? मी हसलो. नेहमीसारखाच. त्या एका हसण्याची मला अजून लाज वाटते.

तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकपाशी गेली, धन्यवाद म्हणाली आणि परत आली. मुलगी किती विनयशील, असं सगळे म्हणाले. लीलाकाकू तेवढ्या म्हणाल्या, अगो, पोर घाबरल्येय, दृष्ट काढा. त्यांनी स्वतः येऊन मीठमोहऱ्या ओवाळल्या.

दुसऱ्या दिवशी सावनीला आमटीला नारळ हवा होता. एकही मिळेना. बावीस नारळ घरात आलेले, आणि एक सापडत नाही. शोधता शोधता ते उर्वीच्या पलंगाखाली निघाले, ओळीने लावलेले, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. शाळा. वाचनालय. दापोली मामा. साहेब. सावनीने एक उचलला तर उर्वी धावत आली आणि तिने तो हातातून काढून घेतला. तो फोडायचा नाही म्हणाली. हरले तर परत द्यायला लागतील.

सावनी आमटी तशीच सोडून उठली. बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, ते उलटं होतं की सुलटं देवाला ठाऊक. मी म्हटलं, मी बोलतो तिच्याशी. आणि बोललो नाही. कारण काय बोलणार? नारळ परत द्यावे लागणार नाहीत हे सांगता आलं असतं, पण साहेब खोटं बोलले आणि तुझा बाप शेजारी हसत उभा होता, याचं काय करायचं?

त्याच संध्याकाळी फारुकभाई आमच्या पायरीवर आले. घरात आले नाहीत. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं; त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता. म्हणाले, "उन्मेषभाई, ही पोर अंगावर चालून जायची. हत्ती फेकायची, वजीर फेकायची, मला घाम फोडायची. आता एक प्यादं पुढे टाकून तीनदा मागे घेते. तुम्ही लोकांनी काय केलंत तिचं?"

त्यांचा गुडघा धरलेला, त्यामुळे ते कोल्हापूरला येणार नव्हते. जाताना एवढंच म्हणाले, की हरली तरी चालेल, पण पोर परत येताना तीच यायला हवी.

कोल्हापूरला आम्ही दोघंच गेलो. आंबा घाटात ती एरवी खिडकीला नाक लावून बसते. या वेळी डोळे मिटून बसली. मला वाटलं एसटी लागली. विचारलं तर म्हणाली, नाही, चाली आठवतेय.

स्पर्धेत चौसष्ट मुली होत्या. सात डाव, तीन दिवस. पालकांना आत सोडत नाहीत, म्हणून सगळे पालक बाहेरच्या आवारात, वऱ्हाडी ताटकळावेत तसे. तिथे मला पहिल्यांदा कळलं की बुद्धिबळ हा खेळ मुलं आत खेळतात आणि बाप बाहेर. एका गृहस्थांनी विचारलं, तुमचे प्रशिक्षक कोण? मी म्हटलं, जहाजावरचे स्वयंपाकी. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. कुठल्या देशाचे, असंही विचारलं.

पहिला डाव उर्वीने बरोबरीत सोडवला. मी खूश झालो. दुसराही बरोबरी. तिसरा, चौथा, पाचवा. पाचवा संपला तेव्हा एक पंच बाहेर येऊन मला म्हणाले, की तुमची मुलगी दहा-बारा चाली झाल्या की बरोबरी देऊ करते, चांगली स्थिती असली तरी. समोरच्या पोरीही लहान, भुकेलेल्या, त्या घेतात. पण मघाच्या डावात ती सरळ जिंकत होती हो. मी मान डोलावली. मला बुद्धिबळातलं घोडा अडीच घरं जातो यापलीकडे काही कळत नाही, पण हे कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाव्या डावाला अर्धा तास होता. आम्ही हॉलच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी डबा उघडला, तिने घास घेतला नाही. म्हणाली, "बाबा, बरोबरी म्हणजे हरणं नाही ना?"

मी नाही म्हटलं.

"मग साहेब बोलले ते अगदी पूर्ण खोटं नाही ना होणार?"

पाच डाव माझी दहा वर्षांची पोर एका मोठ्या माणसाचं खोटं निम्मं तरी खरं करायला धडपडत होती. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. पायऱ्यांवर चाळीसेक पालक, त्यांच्यासमोर. मी ते पुसलंही नाही.

मी तिला सांगितलं, की ते खोटंच होतं. ते तिचं नव्हतं, ते साहेबांचं नव्हतं, काशीरामकाकांचंही नव्हतं तितकंसं. ते माझं होतं. मला पहिल्या दिवशी नाही म्हणता आलं असतं, शेवटच्या दिवशीही आलं असतं, आणि मी दर वेळी हसलो. चूक बाबाची, आणि बाबा ती निस्तरेल. तू जिंक, हर, तुला वाटेल ते कर.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग काकांना सांगा. मी म्हटलं, घरी गेलो की सांगतो. अगदी नीट, लिहून देतो. तिने मान हलवली. तिला माझं लिहिणं ठाऊक आहे.

"आत्ता. फोनवर. मला ऐकू येईल असं."

मी फोन काढला. एवढा जड फोन मी आयुष्यात उचललेला नाही. नंबर लावला, स्पीकर चालू केला. काकांचा आवाज आला, स्टँडवर यावा तसाच दणदणीत, काय रे, काय खबर? आजूबाजूच्या पाच-सहा पालकांनी माना वळवल्या. मी एकदा हसलो. मग उर्वीकडे बघितलं आणि थांबलो.

"काका," मी म्हटलं, "उर्वी जिंकलेली नाही. जिंकणारही नाही बहुतेक. तो सत्कार करायला नको होता, आणि मी तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणतो. नाही. फ्लेक्स उतरवा, आणि यापुढे एकही सत्कार नको."

मग काका बोलले, आणि तो माईकवरचा आवाज नव्हताच. मला वाटतं तो त्यांचा घरातला आवाज असावा. मी तो कधी ऐकला नव्हता.

"बरं झालं रे बाबा बोललास," ते म्हणाले. "मी चार दिवस झोपलो नाही. साहेबांच्या माणसाचा रोज फोन, करंडकाचा फोटो पाठवा, करंडकाचा फोटो पाठवा. कुठला करंडक पाठवू? काल तर माझ्या मनात आलं, शाळेचा खो-खोचा पडलाय तो पाठवून द्यावा. बायको म्हणाली, तुम्हाला जेलात घालतील. उन्मेष, माझं चुकलं. मी केलं, मी निस्तरतो. साहेबांना मी सांगतो काय सांगायचं ते."

उर्वी पुढे झाली आणि फोनजवळ तोंड नेऊन तिने विचारलं, की नारळ परत करायचे का. कसले नारळ, काकांनी विचारलं. मी त्यांना पलंगाखालची रांग सांगितली, चिठ्ठ्या सांगितल्या. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"खा गो बाय," ते म्हणाले. "आईला सांग, वड्या कर. हरलीस तरी तुझेच आहेत ते."

उर्वीने माझ्या मांडीवरचा डबा ओढला आणि दोन पोळ्या उभ्या उभ्या संपवल्या. मग घंटा झाली आणि ती आत गेली. मी मागे पायऱ्यांवर बसून राहिलो. शेजारचे एक पालक, ज्यांनी सगळं ऐकलं होतं, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

सहावा डाव दोन तास दहा मिनिटं चालला. सगळ्या मुली बाहेर आल्या, ही येईना. आली ती धावत, वेण्या सुटलेल्या, गाल लाल. लांबूनच म्हणाली, "बाबा, हरले!" आणि खदाखदा हसायला लागली. हत्ती दिला म्हणे, मग उंट दिला, तिचा राजा पार पटाच्या मध्यापर्यंत पळवत आणला, आणि एक घोडा दिसलाच नाही. अशी फजिती झाली म्हणे की ती समोरची मुलगीसुद्धा नंतर हसत होती. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण दीड महिन्यात प्रथमच ती हातवारे करून बोलत होती, आणि मला वाटलं की इथेच गुडघे टेकून कुणाच्यातरी पाया पडावं.

मी घरी फोन केला. सावनीला म्हटलं, हरली. ती म्हणाली, "खरंच? हसतेय का?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, जीव भांड्यात पडला. नंतर कळलं की तिने तिथूनच ओरडून फारुकभाईंना सांगितलं, आणि ते गुडघा विसरून कुंपणाच्या गडग्यापर्यंत चालत आले होते. हरल्याची बातमी घ्यायला.

सातवा डाव उर्वी जिंकली. अठ्ठावीस चालींत. पण त्याचं तिला विशेष काही नव्हतं, ती हरलेल्या डावाबद्दलच बोलत होती. चौसष्टांत एकतिसावी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी रत्नागिरीला लागली. खिडकीतून मला फलाटावर काशीरामकाका दिसले आणि मी उचललेली पिशवी पुन्हा सीटवर ठेवली. पण मागे माणसं नव्हती, ताशे नव्हते. काका एकटेच उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. हाराशिवाय कुणाला घ्यायला आलेले काका मी पहिल्यांदाच बघत होतो. हातांचं काय करावं हे त्यांना समजत नसावं, ते एकदा मागे बांधत होते, एकदा पुढे.

उर्वीने पायरीवरूनच सांगून टाकलं, एकतिसावी आले काका. सबंध फलाटाला ऐकू गेलं. काका म्हणाले, हां, बरं. मग ते जरा घुटमळले आणि त्यांनी विचारलं, तो हरलेला डाव म्हणे फार भारी झाला. कसा झाला तो?

तिथेच बाकावर उर्वीने पिशवीतून छोटा चुंबकाचा पट काढला. सोंगट्या लावल्या. काका तिच्यासमोर बसले, चष्मा पुसून घातला आणि आधी उंट कुठला ते विचारून घेतलं. मग ती एकेक चाल करून दाखवायला लागली, आणि काका वाकून बघत राहिले. मध्ये दोन गाड्या सुटल्या, त्यांनी मान वर केली नाही. या माणसाने माझ्या मुलीचे दोन सत्कार केले होते, आणि त्याने तिला खेळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.